ओपनबीएसडी : मशीनला ४ कोअर दिले, पण चालतो एकच. बहुप्रोसेसर आधार कुठे चालू करायचा?

पाटा_वरवंटा (प्रश्न)

क्यूएमू-केव्हीएम या आभासी यंत्रे चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवरच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये ओपनबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टीम (६४-बिट एएमडी६४) बसवलेली आहे. इन्स्टॉल करताना मशीनला १ व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर) होता. नंतर मशीन बंद करून ४ केले. आता स्थिती अशी आहे :

"सिससीटीएल एचडब्ल्यू" मध्ये एनसीपीयू = १, एनसीपीयूफाउंड = ४, एनसीपीयूऑनलाइन = १.
"यूनेम -व्ही" नुसते जेनेरिक दाखवते, पुढे एमपी नाही.
"डीमेसेज" मध्ये (बूट होतानाच्या संदेशांत) "सीपीयू अ‍ॅट मेनबस०: नॉट कॉन्फिगर्ड" ही ओळ तीनदा येते.

इन्स्टॉलरमध्ये बहुप्रोसेसरबद्दल प्रश्न विचारल्याचे कुठेच दिसले नाही. मग हा आधार चालू कुठून करायचा? सगळे पुसून नव्याने बसवावे लागेल का? की कर्नल (सिस्टीमचा गाभा) स्वतः कंपाइल करायचा?

(कमांडी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर अर्थातच रोमन अक्षरे.)

---

शून्यक्रमांक

तुमच्या तीन ओळींतच निदान आहे. हार्डवेअरचा काही दोष नाही. एनसीपीयूफाउंड ४ म्हणजे फर्मवेअरने चारही प्रोसेसर कर्नलला दाखवले आहेत आणि कर्नलने ते मोजलेही आहेत. एनसीपीयू १ म्हणजे वापरायला एकच घेतला. आणि यूनेममध्ये एमपी नाही, म्हणजे चालू असलेला कर्नलच एका प्रोसेसरसाठी बांधलेला आहे.

ओपनबीएसडीत बहुप्रोसेसर आधार ही चालू-बंद करायची कळ नाही. कर्नलच दोन वेगवेगळे येतात : बीएसडी (एकाच प्रोसेसरचा) आणि बीएसडी.एमपी (अनेकांचा). इन्स्टॉलर सुरू झाला की तो एनसीपीयूफाउंड बघतो. आकडा १ पेक्षा मोठा असेल तर सेटच्या (बसवायच्या फाइलसंचांच्या) यादीत बीएसडी.एमपी समोर आधीच फुली असते. फाइली उतरवून झाल्यावर तो साध्या कर्नलचे नाव बीएसडी.एसपी करतो, एमपीला बीएसडी हे नाव देतो आणि तसे एका ओळीत कळवतो. म्हणून हल्लीच्या यंत्रांवर हा विषय कोणाच्या लक्षातही येत नाही. तुमच्याकडे इन्स्टॉलच्या वेळी आकडा १ होता, त्यामुळे ती फुली रिकामी राहिली.

अशा वेळी यादीत हाताने बीएसडी.एमपी लिहून फुली मारली असती तरी काम अर्धेच झाले असते. फाइल डिस्कवर उतरली असती, पण नावांची अदलाबदल झाली नसती, कारण ती प्रोसेसरच्या संख्येवर ठरते. मात्र तेवढ्यानेही पुढे सोय झाली असती : बूट प्रॉम्प्टवर "बूट बीएसडी.एमपी" दिले की तो कर्नल त्या एका खेपेपुरता चालवून बघता येतो.

नव्याने बसवू नका. कंपाइल तर मुळीच करू नका.

---

मेनबस_प्रवासी

कंपाइलबद्दल थोडे. सोर्समध्ये जेनेरिक.एमपी ही कॉन्फिग फाइल उघडून बघा, इतकी आखूड आहे की हसू येईल. आधी जेनेरिक जशीच्या तशी आत घेतलेली, मग "ऑप्शन मल्टिप्रोसेसर" ही ओळ, मग "सीपीयू* अ‍ॅट मेनबस?" ही ओळ. बाकी एकदोन डीबगिंगचे पर्याय, तेही कॉमेंट करून ठेवलेले.

तुमच्या डीमेसेजमधल्या ओळीचा उगम इथेच आहे. साध्या जेनेरिकमध्ये फक्त "सीपीयू०" ला जागा आहे, तारांकित ओळ नाही. म्हणून दुसरा, तिसरा, चौथा प्रोसेसर मेनबसवर येतो, त्याला जोडून घेणारे कोणी नसते, आणि कर्नल "नॉट कॉन्फिगर्ड" छापून पुढे सरकतो. एमपी कर्नलवर त्याच जागी "सीपीयू१ अ‍ॅट मेनबस०: एपिड १ (अ‍ॅप्लिकेशन प्रोसेसर)" असे दिसेल.

म्हणजे तुम्ही स्वतः कंपाइल करून जे मिळवाल ते प्रकल्पाने आधीच बांधून, सही करून मिररवर (डाउनलोडच्या सर्व्हरवर) ठेवलेले आहे. शिवाय स्वतः बांधलेल्या कर्नलवर काही बिघडले तर पहिला सल्ला हाच मिळतो की मूळ कर्नल टाकून बघा.

---

शून्यक्रमांक

आता कृती. सर्वांत बिनधोक वाट म्हणजे त्याच आवृत्तीचे "अपग्रेड", बीएसडी.आरडी मधून. बीएसडी.आरडी हा इन्स्टॉलरसकटचा छोटा कर्नल बहुधा तुमच्या रूटमध्ये आहेच, "एलएस /" करून खात्री करा. तो डिस्कवरच्या सिस्टीमच्याच आवृत्तीचा हवा.

१. बॅकअप किंवा स्नॅपशॉट. व्हर्च्युअल मशीन असल्याने हे मिनिटाचे काम आहे.

२. मशीनला ४ व्हीसीपीयू आहेत याची खात्री करून रीबूट. बूट प्रॉम्प्ट साधारण ५ सेकंद थांबतो, तेवढ्यात "बूट बीएसडी.आरडी".

३. इन्स्टॉल, अपग्रेड, ऑटोइन्स्टॉल, शेल अशा पर्यायांतून यू, म्हणजे अपग्रेड. इथे चुकून आय दाबलात तर तो नवे इन्स्टॉल समजेल आणि डिस्कची विभागणी विचारू लागेल. तसे झाले तर कंट्रोल-सी मारून शेलवर या आणि रीबूट करा.

४. रूट डिस्क विचारेल, सुचवलेली बरोबर असेल तर एंटर. मग तो फाइलप्रणाली तपासून माउंट करतो.

५. सेट कुठून घ्यायचे ते सांगा : एचटीटीपी किंवा आयएसओ. यादी आली की बीएसडी.एमपी समोर फुली आहे ना ते डोळ्यांनी बघा. या संपूर्ण कृतीत लक्ष देऊन बघण्यासारखी जागा ही एकच. फुली नसेल तर इन्स्टॉलरलाही एकच प्रोसेसर दिसतो आहे आणि गडबड मशीनच्या मांडणीत आहे. तिथेच थांबा.

६. पूर्वी निवडलेले सगळे सेट पुन्हा निवडा. फक्त कर्नल घेऊन वेळ वाचवायचा मोह होतो, तो टाळा. कारण कर्नल पुन्हा लिंक (रीलिंक) करायला लागणाऱ्या फाइली बेसच्या सेटमधून येतात.

७. शेवटी एमपी कर्नल वापरत असल्याची ओळ आणि त्यानंतर कर्नल रीलिंक केल्याची ओळ दिसली की रीबूट.

तुमच्या "/ईटीसी" मधल्या फाइली या सेटमध्ये थेट उतरत नाहीत. पहिल्या बूटला सिसमर्ज चालतो आणि फक्त फरक हाताळतो. तुम्ही बदल केलेली एखादी फाइल त्याला आपोआप जुळवता आली नाही तर नंतर "सिसमर्ज" हाताने चालवून निकाली काढा.

एक विसरू नका : सेट मूळ रिलीजचे असतात, त्यावर नंतर आलेल्या सुरक्षा दुरुस्त्या त्यांच्यात नसतात. म्हणून रीबूटनंतर लगेच "सिसपॅच", आणि त्याने कर्नल बदलला तर पुन्हा एक रीबूट.

नवी आवृत्ती आलेली असेल आणि तुम्ही एक पाऊल मागे असाल, तर हे सगळे सोडून नुसते "सिसअपग्रेड" चालवा. तोही आतून बीएसडी.आरडीच चालवतो, प्रोसेसर मोजतो आणि योग्य कर्नल बसवतो.

---

गाठोडे

एवढे द्राविडी प्राणायाम कशाला? मिररवरून बीएसडी.एमपी उतरवा, "/बीएसडी" च्या जागी ठेवा, रीबूट. दोन मिनिटे.

---

मेनबस_प्रवासी

@गाठोडे, बूट होईल, चारही कोअर दिसतील, आणि आठवडाभराने सिसपॅच कर्नलपाशी अडखळेल तेव्हा कोणाला कारण आठवणार नाही.

ओपनबीएसडी दर बूटला पुढच्या खेपेसाठी कर्नल नव्याने लिंक करते, म्हणजे प्रत्येक यंत्रावर आणि प्रत्येक बूटला कर्नलच्या आतली मांडणी वेगळी राहते. त्यासाठी लागणाऱ्या ऑब्जेक्ट फाइली "/यूएसआर/शेअर/रीलिंक/कर्नल" खाली, चालू कर्नलच्या नावाच्या फोल्डरात असतात. एसपी कर्नलने बसवलेल्या यंत्रावर तिथे जेनेरिक असते, जेनेरिक.एमपी बहुधा नसतेच. शिवाय रीलिंक करण्याआधी "/बीएसडी" चा शा२५६ (फाइलचा ठसा) "/व्हार/डीबी/कर्नल.शा२५६" मधल्या नोंदीशी ताडून बघितला जातो. तुम्ही हाताने फाइल बदलली की नोंद जुळत नाही आणि रीलिंक तिथेच थांबते. यंत्र चालू राहते, म्हणूनच हा दोष लक्षात येत नाही.

हाताने करायचेच असेल (दूरचे यंत्र, कन्सोल हाताशी नाही वगैरे) तर पूर्ण करा :

बीएसडी.एमपी, शा२५६.सिग आणि बेसचा टीजीझेड त्याच आवृत्तीचे, त्याच आर्किटेक्चरचे उतरवा. "सिग्निफाय -सी" ने त्या आवृत्तीची बेस चावी "/ईटीसी/सिग्निफाय" मधून देऊन दोन्ही फाइली तपासा. सही जुळली नाही तर पुढे जाऊ नका. नव्वद टक्के वेळा आवृत्तीच चुकलेली असते.

जुना कर्नल "/बीएसडी.एसपी" नावाने बाजूला ठेवा. नवा "/बीएसडी" म्हणून ठेवा, मालक रूट, गट व्हील, परवानगी ०७००. काही बिनसले तर प्रॉम्प्टवर "बूट बीएसडी.एसपी" म्हणून परत येता येते, त्यामुळे जुना पुसू नका.

"शा२५६ -एच /व्हार/डीबी/कर्नल.शा२५६ /बीएसडी" ने नोंद ताजी करा.

बेसच्या टीजीझेडमधून "./यूएसआर/शेअर/रीलिंक/कर्नल.टीजीझेड" एवढी एकच फाइल काढून तिच्या जागी ठेवा. सुरुवातीचा टिंब आणि तिरकी रेघ पाथमध्ये हवीच, नाहीतर टारला ती सापडत नाही.

रीबूट. वर आल्यावर रीलिंक पार्श्वभूमीवर चालते. न झाल्यास कारण "रीलिंक.लॉग" मध्ये, त्याच जेनेरिक.एमपी फोल्डरात.

आता मोजा, अपग्रेडच्या वाटेपेक्षा यात वेळ खरोखर वाचला का.

---

पाटा_वरवंटा

बीएसडी.आरडी वाली वाट घेतली. फुली होती, एमपी कर्नलची ओळही आली. आता यूनेम जेनेरिक.एमपी दाखवते, एनसीपीयू = ४. पण एनसीपीयूऑनलाइन = २! "टॉप" मध्येही दोनच काम करताना दिसतात. बीएसडी.आरडी चालू असताना डीमेसेजमध्ये सीपीयू० एकटाच जोडलेला होता, त्याचा याच्याशी संबंध आहे का?

---

शून्यक्रमांक

नाही. बीएसडी.आरडी स्वतः एसपीच असतो. तो प्रोसेसर मोजतो, वापरत नाही.

डीमेसेजमध्ये प्रत्येक प्रोसेसरखाली "एसएमटी ०, कोअर ०, पॅकेज ०" अशी ओळ शोधा. दोन प्रोसेसरांना "एसएमटी १" असणार. म्हणजे क्यूएमूला दिलेल्या रचनेत प्रत्येक कोअरमागे २ थ्रेड सांगितले आहेत आणि ओपनबीएसडी त्यांना हायपरथ्रेड (एसएमटी, म्हणजे एकाच कोअरमध्ये चालणारे जादा थ्रेड) समजते आहे. ६.४ या आवृत्तीपासून (ऑक्टोबर २०१८) "एचडब्ल्यू.एसएमटी" मुळातच ० असते : शून्याखेरीज एसएमटी क्रमांक असलेल्या प्रोसेसरवर कामच सोपवले जात नाही. एका कोअरमधले दोन थ्रेड एल१ कॅश आणि टीएलबी (मेमरीच्या पत्त्यांची कॅश) वाटून घेतात, त्यामुळे वेळ मोजून शेजारच्या थ्रेडमधली माहिती काढता येऊ शकते, हे त्यामागचे कारण. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एल१टीएफ आणि २०१९ च्या मे महिन्यात एमडीएस हे प्रोसेसरमधले दोष जाहीर झाले, तेव्हा ही सावधगिरी अनाठायी वाटेनाशी झाली.

चालू करायचे तर "सिससीटीएल एचडब्ल्यू.एसएमटी=१". लगेच लागू होते. कायम ठेवायला तीच ओळ "/ईटीसी/सिससीटीएल.कॉन्फ" मध्ये.

---

मेनबस_प्रवासी

खऱ्या यंत्रावर हे ठीक. व्हर्च्युअल मशीनमध्ये मी एसएमटीला हात लावणार नाही, आधी रचना सुधारेन. होस्टने व्हीसीपीयू विशिष्ट प्रोसेसरना बांधून दिलेले नसतील तर पाहुण्या मशीनमधले "कोअर" आणि "थ्रेड" ही नुसती नावे आहेत. होस्ट त्यांना कुठेही फिरवतो. त्या नावांवर विश्वास ठेवून अर्धे प्रोसेसर बंद ठेवण्याने सुरक्षा वाढत नाही आणि चालू करण्याने कमीही होत नाही. तो निर्णय होस्टवर घ्यायचा असतो.

क्यूएमूला "-एसएमपी ४,सॉकेट्स=१,कोअर्स=४,थ्रेड्स=१" द्या. लिबव्हर्टमध्ये सीपीयूच्या टोपॉलॉजी या घटकात तेच तीन आकडे. मशीन पूर्ण बंद करून चालू करा, आतून रीबूट केल्याने रचना बदलत नाही.

व्हर्च्युअलबॉक्सवाल्यांसाठी : एकापेक्षा जास्त प्रोसेसर द्यायचे तर आय/ओ एपिकच्या (प्रोसेसरांना इंटरप्ट वाटणाऱ्या भागाच्या) चौकटीत टिक केलेली लागते.

---

टिंबटिंब

याच धाग्याला लागून : लिनक्स, फ्रीबीएसडी, नेटबीएसडी बसवताना असे काही निवडावे लागते का? जुन्या लिखाणात "एसएमपी (बहुप्रोसेसर) कर्नल वेगळा टाका" असे सल्ले अजून सापडतात.

---

शून्यक्रमांक

ते सल्ले त्या काळी बरोबर होते, आता कालबाह्य आहेत. फ्रीबीएसडीच्या जेनेरिकमध्ये "ऑप्शन्स एसएमपी" असतेच. बूटच्या वेळी "मल्टिप्रोसेसर सिस्टीम डिटेक्टेड" आणि पुढे संख्या दिसली की झाले. एकच दिसत असेल तर "/बूट/लोडर.कॉन्फ" मध्ये "कर्न.एसएमपी.डिसेबल्ड" कोणी १ करून ठेवले आहे का बघा. नेटबीएसडीनेही पूर्वीचा वेगळा जेनेरिक.एमपी सोडून एएमडी६४ वर एकच जेनेरिक ठेवला आहे. "सीपीयूसीटीएल लिस्ट" ने स्थिती दिसते, आणि निदानासाठी एकाच प्रोसेसरवर चालवायचे तर "बूट -१". ओपनबीएसडीतही हा आधार काही नवा नाही, आय३८६ आणि एएमडी६४ वर तो २००४ च्या ३.६ आवृत्तीत आला. कर्नल तेवढे अजून दोन ठेवले आहेत. एसपीत प्रोसेसरांना एकमेकांच्या आड येऊ न देणारी बरीचशी कुलुपे कंपाइलच होत नाहीत, त्यामुळे एका प्रोसेसरच्या जुन्या यंत्रांवर तो किंचित हलका पडतो. उलट दिशेने अडचण नाही : एमपी कर्नल एकाच प्रोसेसरवर बिनतक्रार चालतो.

लिनक्सवर वितरणांचे कर्नल एसएमपी धरूनच बांधलेले असतात. तिथे एकच कोअर दिसला तर संशय बूटच्या पॅरामीटरवर घ्या. "/प्रॉक/सीएमडीलाइन" वाचा : "नोएसएमपी", "मॅक्ससीपीयूज=१", "एनआर_सीपीयूज=१" यांपैकी काही आहे का? आणि "एनप्रॉक" वर एकट्यावर विसंबू नका. तो त्या प्रक्रियेला वापरायची परवानगी असलेले प्रोसेसर मोजतो, यंत्रातले नाही. "/सिस/डिव्हायसेस/सिस्टीम/सीपीयू/ऑनलाइन" ही फाइल खरे सांगते.

---

मेनबस_प्रवासी

आणि "एसीपीआय=ऑफ". (एसीपीआय म्हणजे फर्मवेअरकडून हार्डवेअरची माहिती मिळण्याची व्यवस्था.) हा सर्वांत छुपा चोर. इन्स्टॉलर मध्येच अडकला की कुठेतरी वाचून हा पॅरामीटर टाकला जातो, इन्स्टॉल पार पडते, आणि पॅरामीटर बसवलेल्या सिस्टीमच्या ग्रब या बूटलोडरमध्ये तसाच जाऊन बसतो (डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये तीन आडव्या रेघांनंतर लिहिलेले पुढे नेले जाते). हल्लीच्या यंत्रांत बाकीचे प्रोसेसर कुठे आहेत याची यादी एसीपीआयच्या एमएडीटी या तक्त्यातून मिळते. एसीपीआय बंद केले की यादीच नाहीशी होते, कारण जुन्या बायोसमधला एमपी तक्ता नव्या यंत्रांत बहुधा नसतो. ओपनबीएसडीत बूट कॉन्फिगमधून एसीपीआय बंद करणाऱ्यांनाही हेच फळ मिळते, कर्नल एमपी असला तरी.

"नोएपिक" आणि "नोलापिक" यांतही गल्लत होते. पहिल्याने फक्त आय/ओ एपिक बाजूला राहतो, प्रोसेसर चालू राहतात. दुसऱ्याने प्रत्येक प्रोसेसरमधला स्थानिक एपिक बंद होतो, आणि पहिला प्रोसेसर बाकीच्यांना जागे करतो तो त्याच्याच मार्फत. हाक मारायचे साधनच काढून घेतल्यावर बाकीचे झोपलेलेच राहणार. इन्स्टॉलर अडकत असेल तर आधी "नोमोडसेट" वापरून बघा. बऱ्याचदा दोष ग्राफिक्सचा असतो आणि शिक्षा एसीपीआयला होते.

---

पाटा_वरवंटा

थ्रेड्स=१ केले, एनसीपीयूऑनलाइन = ४. सिसपॅचही झाले, रीलिंकच्या लॉगमध्ये तक्रार नाही. एकच शंका : नेटवर्कचे जड काम चालू असताना टॉपमध्ये "स्पिन" नावाच्या रकान्यात बरीच टक्केवारी दिसते. हा बिघाड आहे का?

---

शून्यक्रमांक

बिघाड नाही. एका प्रोसेसरने धरलेले कर्नलमधले कुलूप सुटण्याची वाट बघत दुसरे जागच्या जागी फिरत राहतात, तो वेळ "स्पिन" खाली मोजला जातो. ओपनबीएसडीत कर्नलचे मोठे कुलूप टप्प्याटप्प्याने फोडले जात आहे, पण काही भाग अजून त्याच्याखाली आहेत. यूजर मोडमधली कामे, उदाहरणार्थ "मेक -जे४", चारही कोअरवर मोकळेपणी पसरतात. कर्नलच्या आत जास्त वेळ घालवणारी कामे तितक्या प्रमाणात वाढत नाहीत. टॉपमध्ये १ दाबून प्रत्येक प्रोसेसरची आणि एकत्रित ओळ आलटूनपालटून बघा. स्पिन सतत सिस या रकान्यापेक्षा जास्त राहत असेल तर त्या मशीनला २ व्हीसीपीयू देऊन तेच काम मोजा. फायरवॉलसारख्या कामात दोनवर तेवढाच वेग मिळतो असे दिसले तर उरलेले दोन दुसऱ्या मशीनला द्या. कर्नल बदलायची गरज नाही, २ वरही एमपीच लागतो.